‘७३ टक्के संरक्षण’ : एका आकड्याचे परीक्षण

जागतिक साथीच्या काळात फ्लूची लस माणसाला रुग्णालयात दाखल होण्यापासून कितपत वाचवते? प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तर एका आकड्यात मिळावे अशी आपली अपेक्षा असते. २००९ साली असा एक आकडा मिळालाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मेक्सिकोतील संशोधकांचा एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नव्या एच१एन१ विषाणूची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘स्वाइन फ्लू’ची साथ तेव्हा जगभर चालू होती आणि या विषाणूसाठी खास बनवलेली लस नुकतीच कोठे बाहेर पडत होती. आधीच्या हंगामात दिली गेलेली नेहमीची फ्लूची लस या नव्या विषाणूविरुद्ध ७३ टक्के परिणामकारक ठरली असावी आणि विशेषतः गंभीर आजारापासून तिने काही संरक्षण दिले असावे, असा या निबंधाचा निष्कर्ष होता.

सहा महिन्यांनी, एप्रिल २०१० मध्ये, ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात कॅनडातील चार पाहण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते नेमके उलटे होते. तीच हंगामी लस घेतलेल्या लोकांवर नव्या फ्लूमुळे डॉक्टरकडे जाण्याची वेळ, लस न घेतलेल्यांच्या तुलनेत १.४ ते २.५ पट अधिक आली होती.

साथ एकच, लस एकाच हंगामातली आणि उत्तरे मात्र परस्परविरुद्ध! यांतील कोणते खरे, असा प्रश्न कोणाही विद्यार्थ्याच्या मनात येईल. या लेखात आम्ही मेक्सिकोच्या निबंधाचे परीक्षण करणार आहोत, कारण लसीच्या ‘टक्केवारी’चा अर्थ कसा लावावा आणि कसा लावू नये, हे समजून घेण्यासाठी त्याच्यासारखे दुसरे उदाहरण सहसा सापडत नाही. लसीच्या बाजूने किंवा विरुद्ध वकिली करण्याचा आमचा हेतू नाही. आमचे म्हणणे एवढेच की लसीसमोर लिहिलेली टक्केवारी हा काही लोखंडाच्या घनतेसारखा त्या पदार्थाचा गुणधर्म नसतो. कोणाची कोणाशी, कशाच्या बाबतीत आणि केव्हा तुलना केली, यांवर ती अवलंबून असते.

आकडा कसा निघाला?

मेक्सिको सिटीतील श्वसनविकारांच्या एका विशेष रुग्णालयात मार्च ते मे २००९ या काळात ही पाहणी झाली. प्रयोगशाळेत नव्या एच१एन१ची खात्री झालेले ६० रुग्ण एका बाजूला घेतले. दुसऱ्या बाजूला, म्हणजे तुलनेसाठी, फ्लूसारखा आजार किंवा न्यूमोनिया नसलेले पण अन्य विकारांसाठी त्याच रुग्णालयात आलेले १८० रुग्ण घेतले. वय आणि सामाजिक-आर्थिक स्तर या बाबतींत दोन्ही गटांची जुळणी केली. मग प्रत्येकाने २००८-०९ची हंगामी लस घेतली होती का, हे पाहिले. ६० फ्लूरुग्णांपैकी ८ जणांनी, तर तुलनागटातील १८० पैकी ५३ जणांनी ती घेतलेली आढळली.

हा हिशोब आठवी-नववीच्या वर्गातही फळ्यावर करून दाखवता येईल. फ्लूरुग्णांत लस घेतलेले ८ आणि न घेतलेले ५२. गुणोत्तर सुमारे ०.१५. तुलनागटात लस घेतलेले ५३ आणि न घेतलेले १२७. गुणोत्तर सुमारे ०.४२. पहिल्याला दुसऱ्याने भागले की ०.३७ मिळतात. लसीचा काहीच उपयोग नसता, तर दोन्ही गटांत लस घेणाऱ्यांचे प्रमाण सारखे असते आणि भागाकार १ आला असता. तो ०.३७ आला, म्हणजे धोका ६३ टक्क्यांनी कमी दिसतो. हा झाला कच्चा हिशोब. दोन गटांमध्ये राहिलेले इतर फरक गणिताने वजा केल्यावर संशोधकांना ७३ टक्के हे उत्तर मिळाले. त्याची अनिश्चिततेची कक्षा ३४ ते ८९ टक्के अशी होती. याचा अर्थ, खरे मूल्य ३४ टक्केही असू शकते आणि ८९ टक्केही. बातमीत मात्र ७३ हा एकच आकडा येतो आणि स्मरणातही तोच राहतो.

गंभीर आजाराबाबतचा निष्कर्ष तर आणखी नाजूक पायावर उभा होता. लस घेतलेल्या फ्लूरुग्णांपैकी एकही दगावला नाही आणि न घेतलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश दगावले, हे वाचताना मन हेलावते. पण लस घेतलेले रुग्ण होते अवघे आठ. आठांपैकी शून्य आणि आठांपैकी एक यांत फरक एका माणसाचा, पण टक्केवारीत मात्र शून्याचे साडेबारा होतात.

तुलना कोणाशी?

निबंधातील खरी अडचण मात्र आकडे लहान असण्याची नाही. तुलनागटात कोण होते, ही ती अडचण आहे. ते सर्वसाधारण नागरिक नव्हते. विशेष रुग्णालयात येणारे ते जुने रुग्ण होते आणि फ्लूमुळे गुंतागुंत होण्याचा धोका वाढवणारे दीर्घकालीन विकार त्यांच्यात फ्लूरुग्णांपेक्षा अधिक होते. आता अशाच लोकांना डॉक्टर दरवर्षी फ्लूची लस घ्यायला सांगतात. दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेला, वर्षानुवर्षे त्याच दवाखान्यात येणारा माणूस लस घेतलेला असण्याची शक्यता अधिकच असणार. म्हणजे तुलनागटातील ५३ हा आकडा ‘लसीमुळे फ्लू टळला’ म्हणून मोठा आला, की ‘मुळातच लस घेणाऱ्या लोकांतून हा गट निवडला’ म्हणून मोठा आला?

हा मुद्दा किती महत्त्वाचा आहे ते पाहण्यासाठी एक कल्पना करू. समजा, ज्या वस्तीतून हे ६० फ्लूरुग्ण आले, त्या वस्तीतील त्याच वयाच्या लोकांमध्ये लस घेतलेल्यांचे प्रमाण २९ टक्के नसून १३ टक्केच होते. ६० पैकी ८ म्हणजेही १३ टक्केच! मग भागाकार जवळजवळ १ येतो आणि लसीची परिणामकारकता शून्यावर उतरते. फ्लूरुग्णांचे आकडे तेच, लस तीच. फक्त शेजारी बसवलेला गट बदलला आणि ७३ टक्क्यांचे काहीच उरले नाही. प्रत्यक्षात तसेच होते असे आमचे म्हणणे नाही. पण निष्कर्षाचे सगळे वजन तुलनागटाच्या निवडीवर कसे पडते, ते यावरून ध्यानात यावे. संशोधकांनी दीर्घकालीन आजारांचा फरक गणिताने दुरुस्त केला हे खरे. परंतु जे मोजले असेल तेवढेच गणिताने वजा करता येते. माणूस किती वेळा दवाखान्यात जातो, डॉक्टरचे किती ऐकतो, या गोष्टी नोंदवहीत नसतील तर त्या वजा होत नाहीत.

संशोधकांना याची जाणीव होती, हेही सांगितले पाहिजे. हे निष्कर्ष जपून वापरावेत आणि हंगामी लस ही नव्या विषाणूच्या खास लसीला पर्याय समजू नये, असे त्यांनी स्वच्छ लिहिले आहे. साथीच्या धामधुमीत काही महिन्यांत, प्रयोगशाळेतील खात्रीच्या आधाराने त्यांनी ही पाहणी पूर्ण केली याचे श्रेयही त्यांना द्यायला हवे. आमचा आक्षेप पाहणी करण्याला नाही. असा आकडा त्याच्या मर्यादांपासून तोडून वापरण्याला आहे.

कॅनडाचे उलटे उत्तर

कॅनडातील पाहण्यांपैकी एकीची रचना वेगळी होती. खोकला-तापासाठी ठरावीक दवाखान्यांत आलेल्या सर्वांचे नमुने तपासले जात. ज्यांच्यात फ्लूचा विषाणू सापडला ते एका गटात आणि ज्यांच्यात सापडला नाही ते दुसऱ्या गटात. दोन्ही गट आजारी, दोन्ही स्वतःहून डॉक्टरकडे आलेले, दोन्ही एकाच दारातून आत शिरलेले. त्यामुळे ‘दवाखान्यात जाण्याची सवय’ या छुप्या फरकाला येथे बराच आळा बसतो. या पद्धतीने मोजल्यावर हंगामी लस नेहमीच्या, जुन्या फ्लूविरुद्ध ५६ टक्के परिणामकारक दिसली. म्हणजे फूटपट्टी ठीक होती. त्याच फूटपट्टीने नव्या एच१एन१साठी मोजले तर धोका ६८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. मात्र एकदा नवा फ्लू झाल्यावर, लस घेतलेल्यांना रुग्णालयात दाखल करण्याची गरज अधिक पडली असे कॅनडातही आढळले नाही.

हंगामी लसीने नव्या विषाणूपासून संरक्षण दिले असेल, याला प्रयोगशाळेतूनही फारसा आधार मिळाला नाही. हंगामी लस घेतलेल्या लहान मुलांच्या रक्तात नव्या विषाणूला ओळखणारी प्रतिद्रव्ये तयार झालेली दिसली नाहीत आणि मोठ्या माणसांतही ती अल्पच आढळली. साठीपुढच्या सुमारे एक-तृतीयांश लोकांत अशी प्रतिद्रव्ये होती, पण ती लस घेण्यापूर्वीचीच होती. त्यांच्या लहानपणी फिरणाऱ्या जुन्या एच१एन१ विषाणूंची ती देणगी असावी. ऑस्ट्रेलियातील पाहणीत हंगामी लसीचा नव्या फ्लूवर बरा-वाईट कसलाच परिणाम दिसला नाही. पुढे कॅनडाच्या संशोधकांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांवर प्रयोग केला. तेथे हंगामी लस दिलेल्या प्राण्यांना नव्या विषाणूचा आजार थोडा अधिक जोराचा झालेला आढळला. त्यामुळे कॅनडाचे निरीक्षण निव्वळ मोजणीतील चूक म्हणून बाजूला सारता येत नाही.

या सर्व पुराव्याचा एकत्र विचार केला, तर हंगामी लसीच्या नावे ‘७३ टक्के’ लिहिणे आम्हाला समर्थनीय वाटत नाही. आणि कॅनडाच्या आकड्यांवरून ‘फ्लूची लस घेतल्याने फ्लू होतो’ असे म्हणणेही तितकेच चूक आहे. ते निरीक्षण एका हंगामातील लस आणि एक विशिष्ट नवा विषाणू यांच्यापुरते आहे.

फ्लू नसताना मिळालेले संरक्षण!

मेक्सिकोत दुखणाईत माणसे अधिक लस घेत होती. याच्या नेमकी उलट गोष्टही घडते आणि तीही आपल्याला फसवते. अमेरिकेत सिएटलच्या परिसरातील संशोधकांनी ६५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांच्या आठ हंगामांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. न्यूमोनिया किंवा फ्लूसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण लस घेतलेल्यांत, न घेतलेल्यांच्या तुलनेत, फ्लूच्या हंगामात ०.८२ पट होते. म्हणजे १८ टक्के घट. हे वाचून समाधान वाटते. पण त्यांनी एक युक्तीची गोष्ट केली. फ्लूचा हंगाम सुरू होण्यापूर्वीचेही आकडे काढले. विषाणू अजून आलेलाच नव्हता अशा या काळात ते गुणोत्तर ०.७२ निघाले, म्हणजे २८ टक्के घट! मृत्यूच्या बाबतीत तर हंगामापूर्वीचे गुणोत्तर ०.३९ आणि हंगामातील ०.५६ होते.

जो विषाणू गावात आलेलाच नाही, त्याच्यापासून लस कशी वाचवील? उघड आहे की येथे दिसतो तो लसीचा प्रभाव नव्हे. ज्या वृद्धांना स्वतःच्या पायांनी चालत जाऊन लस घेता आली ते मुळातच धडधाकट होते. अंथरुणाला खिळलेले आणि शेवटचे महिने मोजणारे लस घ्यायला गेलेच नाहीत. म्हणून ‘लस न घेतलेले’ या गटात मरणाच्या दारातील माणसे अधिक जमली.

ही चाचणी आम्हाला फार मोलाची वाटते आणि विज्ञान शिकवणाऱ्याला ती ओळखीची वाटेल. प्रयोगशाळेत आपण अभिकारक न घातलेली एक परीक्षानळी शेजारी ठेवतो. तिच्यातही रंग बदलला तर कारण अभिकारक नव्हे, हे कळते. फ्लू नसलेले महिने ही लसीच्या अभ्यासातली तशीच ‘कोरी’ नळी आहे.

मग खरा आकडा किती?

कॅनडाच्या उदाहरणात सांगितलेली पद्धत, म्हणजे एकाच प्रकारच्या तक्रारींसाठी आलेल्यांपैकी विषाणू सापडलेले आणि न सापडलेले यांची तुलना, पुढे जगभर रूढ झाली. तिच्याही मर्यादा आहेत, पण मेक्सिकोच्या तुलनागटापेक्षा ती निश्चितच उजवी आहे. या पद्धतीच्या अनेक पाहण्या एकत्र केल्यावर २०१६ साली असे दिसले की डॉक्टरकडे जावे लागेल एवढ्या आजारापासून, २००९च्या एच१एन१ विषाणूविरुद्ध लसीचे संरक्षण सुमारे ६१ टक्के असते, तर एच३एन२ या दुसऱ्या प्रकाराविरुद्ध ते सुमारे ३३ टक्केच असते. प्रौढांना फ्लूमुळे रुग्णालयात दाखल होण्यापासून हंगामी लसीचे एकूण संरक्षण २०१७च्या एका संकलनानुसार ४१ टक्के होते.

२००९च्या साथीसाठी खास बनवलेल्या लसींनी रुग्णालयात दाखल होणे कितपत टाळले, याचेही संकलन झाले आहे. उत्तर साठ टक्क्यांच्या आसपास येते, पण अनिश्चिततेची कक्षा फारच रुंद आहे. रुग्णालयात दाखल होणारे मुळात थोडे, त्यांतले लस घेतलेले आणखी थोडे, त्यामुळे ही कक्षा अरुंद करणे कठीण असते. तरीही संरक्षण खरोखर मिळाले, याविषयी आता शंका उरलेली नाही.

‘दाखल होणे’ म्हणजे काय?

येथे आणखी एक गोष्ट सहसा नजरेआड होते. ताप किती हे तापमापी सांगते. रुग्णालयात दाखल करायचे की नाही हे माणसे ठरवतात. त्यात आजाराच्या तीव्रतेबरोबर खाटांची उपलब्धता, खिशातील पैसा, सरकारी नियम आणि भीती यांचाही वाटा असतो.

महाराष्ट्राने हे जवळून पाहिले आहे. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लूचा भारतातील तो पहिला मृत्यू. पुढच्या काही दिवसांत नायडू रुग्णालयात तपासणीसाठी माणसांची रीघ लागली आणि पुण्या-मुंबईतील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तोपर्यंत धोरण असे होते की संसर्गाची खात्री झालेल्या रुग्णाला, आजार सौम्य असला तरी, वेगळे ठेवण्यासाठी रुग्णालयात दाखल करायचे. ऑगस्टमध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ असे वर्ग पाडले. सौम्य आजार असलेल्यांनी घरीच राहायचे आणि धाप लागणे, छातीत दुखणे अशी लक्षणे असलेल्या ‘क’ वर्गातील रुग्णांनाच दाखल करायचे असे ठरले. म्हणजे जुलै २००९ मधील ‘दाखल रुग्ण’ आणि सप्टेंबर २००९ मधील ‘दाखल रुग्ण’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या देशात, ज्या महिन्यात पाहणी झाली तेथे दाखल करण्याचा निकष काय होता, हे विचारल्याशिवाय दोन देशांतील ‘रुग्णालय-दाखल्यांपासून संरक्षणा’ची टक्केवारी शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

उशिरा आलेली लस

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. समजा, लसीचे संरक्षण ६० टक्के आहे हे निर्विवाद ठरले. मग साथीत रुग्णालयात जाणाऱ्यांची संख्या तिने किती घटवली? येथे अमेरिकेचे आकडे बोलके आहेत. एप्रिल २००९ ते एप्रिल २०१० या वर्षात तेथे नव्या फ्लूमुळे सुमारे २ लाख ७४ हजार लोक रुग्णालयात दाखल झाले, असा तेथील रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. सुमारे ८ कोटी लोकांनी, म्हणजे लोकसंख्येच्या २७ टक्क्यांनी, नवी लस घेतली. सरळ गुणाकार केला तर २७ टक्क्यांचे ६० टक्के म्हणजे सुमारे १६ टक्के दाखले टळायला हवे होते. प्रत्यक्षात लसीकरणाने किती दाखले टळले याचा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झाला. तो होता ४,००० ते १०,०००. म्हणजे दीड ते साडेतीन टक्के!

सोळाचे दीड ते साडेतीन का झाले? लस कमकुवत होती म्हणून नव्हे, तर ती उशिरा पोचली म्हणून. विषाणू एप्रिलमध्ये ओळखला गेला. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ घोषित केली. तेव्हा लस बनवण्यासाठी विषाणू बहुतांशी कोंबडीच्या अंड्यांत वाढवला जात होता आणि हा विषाणू सुरुवातीला अंड्यांत नीट वाढेना. अमेरिकेत सप्टेंबरच्या मध्यास लसीला परवानगी मिळाली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पहिल्या मात्रा पोचल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस साथीच्या दुसऱ्या लाटेचा कळस झाला. लस टोचल्यापासून प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात हे ध्यानात घेतले, तर बहुतेकांना संरक्षण मिळाले ते लाट ओसरू लागल्यावर. पीक वाहून गेल्यावर बांध घातला, तर दोष बांधाच्या मजबुतीचा नसतो.

भारतात हे अंतर अधिकच होते. २०१०च्या पूर्वार्धात आयात केलेली लस मुख्यतः आरोग्यसेवकांना देण्यात आली. भारतात बनलेल्या लसी जून-जुलै २०१० मध्ये आल्या. त्यांतील नाकात फवारण्याची लस पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची होती. तोवर पुण्याची पहिली लाट येऊन गेल्याला जवळजवळ वर्ष होत आले होते. १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथीचा टप्पा संपल्याचे जाहीर केले. त्या पावसाळ्यात महाराष्ट्रात रुग्ण पुन्हा वाढले आणि तेव्हा या लसींचा उपयोग होण्याजोगा होता, हे मात्र नमूद करायला हवे.

म्हणून ‘लस किती टक्के संरक्षण देते’ आणि ‘लसीने किती टक्के दाखले टळले’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. पहिल्याचे उत्तर लस घेतलेल्या व्यक्तीसाठी असते, दुसऱ्याचे समाजासाठी. दुसऱ्या उत्तरात लसीचा दर्जा, ती किती जणांनी घेतली आणि ती लाटेच्या आधी आली की नंतर, हे तिन्ही घटक असतात. २००९ मध्ये यांतील तिसऱ्या घटकाने पहिल्या दोघांवर पाणी फिरवले. पुढच्या साथीत अधिक लोकांना रुग्णालयापासून दूर ठेवायचे असेल, तर परिणामकारकता ६० वरून ७० वर नेण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लस चार-सहा आठवडे लवकर तयार करणे मोलाचे ठरेल.

दुष्परिणामांनाही तीच फूटपट्टी

जी कसोटी फायद्याला लावायची तीच तोट्यालाही लावली पाहिजे. ऑगस्ट २०१० मध्ये स्वीडन आणि फिनलंडमधून अशा तक्रारी आल्या की ‘पॅन्डेमरिक्स’ ही साथीची लस घेतलेल्या काही मुलामुलींना नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा विकार जडला. हा योगायोग असेल का, लसीची चर्चा झाल्याने अशा रुग्णांचे निदान अधिक होऊ लागले असेल का, असे रास्त प्रश्न विचारले गेले. त्यांची छाननी झाली, अनेक देशांत पाहण्या झाल्या आणि त्या विशिष्ट लसीचा संबंध त्यांतून टिकून राहिला. दुष्परिणाम विरळ होता, पण खरा होता. ७३ टक्क्यांचा दावा ज्या प्रश्नांपुढे टिकत नाही, त्याच प्रकारच्या प्रश्नांपुढे हा दावा टिकला. दावा आपल्याला आवडतो की नाही याच्याशी या परीक्षेचा संबंध नाही.

वर्गात काय सांगावे?

साथीच्या काळात पालक डॉक्टरांच्या आधी अनेकदा शिक्षकांना विचारतात. ‘लस घ्यावी का?’ या प्रश्नाला शिक्षकाने ‘७३ टक्के खात्री आहे’ असे उत्तर दिले आणि पुढे लस घेतलेले मूल आजारी पडले, तर पालकांचा विश्वास त्या आकड्यावरून उडतो, शिक्षकावरून उडतो आणि पुढच्या, कदाचित अधिक गरजेच्या लसीवरूनही उडतो. फुगवलेला आकडा लसीच्या विरोधकांइतकेच नुकसान करतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी असे सांगता येईल : विषाणूशी जुळणारी फ्लूची लस रुग्णालयात जाण्याची शक्यता साधारण निम्म्याने कमी करते, कधी त्याहून अधिक, कधी कमी. ती पूर्ण कवच नव्हे. गरोदर स्त्रिया, वृद्ध, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेली माणसे यांना गंभीर आजाराचा धोका मुळातच जास्त, म्हणून निम्मी घटही त्यांच्यासाठी फार मोठी आहे. आणि लस लाटेच्या आधी घेतली तरच तिचा पुरेपूर उपयोग. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून ती पावसाळ्यापूर्वी घेणे शहाणपणाचे.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून एक छोटा उपक्रम करून घेता येईल. वर्तमानपत्रात लसीविषयी किंवा औषधाविषयी ‘इतके टक्के गुणकारी’ अशी बातमी आली की तिचे कात्रण फळ्याशेजारी लावावे आणि मुलांना पाच प्रश्नांची उत्तरे त्या बातमीतून शोधायला सांगावे. तुलना कोणाशी केली? टाळले ते काय : संसर्ग, आजार, रुग्णालयात जाणे की मृत्यू? दोन्ही गटांत माणसे किती होती आणि आकड्याची कक्षा काय? ज्या काळात परिणाम दिसायला नको, त्या काळातही तो दिसतो का, हे कोणी तपासले का? आणि लस किंवा औषध लोकांपर्यंत केव्हा पोचले? बहुतेक बातम्यांत पाचांपैकी एक-दोन प्रश्नांचीच उत्तरे सापडतील. उरलेली उत्तरे मूळ निबंधात किंवा जाणकार डॉक्टरांकडे शोधायला मुलांना जरूर पाठवावे.